कोणत्या डोळ्याने?

दिवाळीच्या सुटीत मुले घरी येताना बरोबर काय घेऊन येतील याचा नेम नसतो. माझ्या मुलाने लहानपणी एकदा आजोळाहून जिवंत कासव आणले होते. गेल्या वर्षी त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, नागपूरहून आर्वीला आली ती बांबूचे धनुष्य घेऊन. पूर्वी पुलगावहून आमच्या गावाला छोट्या रुळांची गाडी येत असे. त्या गाडीच्या डब्यात हे लांबलचक धूड मावले असते की नाही, कोण जाणे. पण ती गाडी आता बंद झाली आहे, आणि धनुष्य बापाच्या मोटारीत तिरपे होऊन, सगळ्यांच्या डोक्यांवरून प्रवास करीत सुखरूप पोहोचले.

पोरगी चौदा वर्षांची आहे. 2023 साली साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेनेही तिथेच विश्वविजेतेपद मिळविले. तेव्हापासून विदर्भातल्या पुष्कळ घरांत धनुष्याचे नाव निघू लागले, तसे ते आमच्याही घरात निघाले. तिचे धनुष्य मात्र त्या विजेत्यांच्या यांत्रिक धनुष्यासारखे नव्हे. त्याला चाके नाहीत, भिंगे नाहीत, नेम धरण्यासाठी खूणही नाही. बांबू, दोरी, बाण आणि स्वतःचा डोळा, एवढाच त्याचा संसार.

मागच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकवून आम्ही चिंध्यांनी भरलेले एक पोते उभे केले. भाऊबीज दोन दिवसांवर आली होती, स्वयंपाकघरातून चिवड्याच्या फोडणीचा वास येत होता. पोरीने दहा पावलांवर उभे राहून बाण सोडला. तो पोत्यापासून हातभर डावीकडे, भिंतीच्या मातीत रुतला. दुसराही तिथेच. तिसराही. कुंपणापलीकडून आमचे शेजारी पाहत होते. त्यांचा जन्म कापसाच्या शेतात गेला आहे, आणि न बोलता पाहत राहणे त्यांना जमत नाही. ते म्हणाले, “मास्तर, पोरीचा नेम त बराबर आहे, बाणच वाकडा जाऊन राह्यला!”

मी हसलो, पण पोरगी हसली नाही. ती म्हणाली, “आबा, काका बरोबर बोलताहेत. माझा डावा डोळा मुख्य आहे आणि हात उजवा आहे.”

मला काहीच कळले नाही, तेव्हा तिने मला शिकविले. वाचकांनी हा प्रयोग फराळानंतर घरोघरी अवश्य करून पाहावा. त्याला खर्च नाही. दोन्ही हात समोर लांब करावेत, दोन तळहातांच्या बेचक्यांतून रुपयाएवढे भोक करावे आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा आकाशकंदील पाहावा. मग एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. एक डोळा मिटला तरी कंदील जागच्या जागी राहतो; दुसरा मिटताच तो भोकातून नाहीसा होतो. जो मिटल्यावर कंदील नाहीसा झाला, तो तुमचा मुख्य डोळा. आपल्याला वाटत असते की आपण दोन्ही डोळ्यांनी सारखेच पाहतो. पण नेम धरायची वेळ आली की मन गुपचूप एकाच डोळ्याचा शब्द प्रमाण मानते. इटलीच्या पोर्ता नावाच्या पंडिताने 1593 साली ही गोष्ट लिहून ठेवली होती. मला मात्र ती उभ्या आयुष्यात कोणी सांगितली नव्हती.

गंमत अशी की या मुख्य डोळ्याचा हाताशी फारसा संबंध नाही. दहांतले नऊ जण उजव्या हाताचे असतात. पण उजवा डोळा मुख्य असलेले तिघांत सुमारे दोघेच. याचे कारणही मनोरंजक आहे. उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे आणि डाव्याचा उजव्या भागाकडे असतो. डोळ्यांची वाटणी तशी नाही. प्रत्येक डोळ्यातून निघालेल्या तंतूंपैकी साधारण निम्मे मेंदूच्या एका बाजूला जातात, निम्मे दुसऱ्या. हाताला जसा एक धनी आहे तसा डोळ्याला नाही. आणि मुख्य नसलेला डोळा अधू असतो असेही नव्हे. तो पाहतो सगळे. फक्त त्याचे मत विचारले जात नाही. कित्येक घरांतल्या थोरल्या सुनांना ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

आता उजव्या हाताचा तिरंदाज धनुष्य डाव्या हातात धरतो आणि दोरी उजव्या हाताने ओढून हनुवटीशी आणतो. बाणाचे शेपूट त्याच्या उजव्या डोळ्याखाली येते. पण मुख्य डोळा डावा असेल, तर बाणाचे टोक तो नकळत डाव्या डोळ्याच्या रेषेत नेतो. दोन डोळ्यांत अंतर सुमारे सहा सेंटिमीटर, बाणाची लांबी सत्तरेक. म्हणजे सत्तर सेंटिमीटरांत सहाचा तिरकसपणा आला. सात मीटरांवर तो साठ सेंटिमीटर होतो आणि सत्तर मीटरांवर सहा मीटर! डोळ्यापाशी चार बोटे नाहीत एवढी चूक लक्ष्यापाशी खोलीभर होते.

आणि या चुकीत लबाडी कुठेच नाही, याचा मला सर्वांत अधिक अचंबा वाटला. डोळा प्रामाणिकपणे सरळ पाहतो. हात प्रामाणिकपणे ताणतो. दोघेही आपले कर्तव्य चोख बजावतात आणि बाण भिंतीत जातो. आपण लहानपणापासून ऐकत आलो की मन एकाग्र असले म्हणजे झाले. द्रोणाचार्यांनी झाडावर कृत्रिम पक्षी बांधला आणि शिष्यांना विचारले, तुला काय दिसते? महाभारतात अर्जुनाला फक्त पक्ष्याचे मस्तक दिसते; लोकांनी पुढे त्याचा डोळा केला. पण कोणत्या डोळ्याने पाहतोस, हे आचार्यांनी विचारल्याचे ऐकिवात नाही. अर्जुनाला ती अडचण पडली नसावी. तो सव्यसाची, दोन्ही हातांनी गांडीव ओढणारा. आपल्यासारख्यांना मात्र तो प्रश्न विचारावाच लागतो.

पोरीची अडचण अशी होती. पहिल्या वर्षी ती डावा डोळा मिटून बाण मारीत असे आणि बाण बरे लागत. नवे शिक्षक म्हणाले, दोन्ही डोळे उघडे ठेव. डोळा आवळला की चेहरा थकतो, खांदा ताठतो. डोळे उघडले आणि बाण डावीकडे जाऊ लागले. मग परीक्षा झाली आणि निदान निघाले. त्यावर मार्ग दोन. एक, डाव्या डोळ्यावर पडदा घालायचा. काळी पट्टी बांधावी, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावावा, म्हणजे डोळा उघडा राहतो, उजेड येतो, पण चित्र पुसट होते आणि मन निमूटपणे उजव्या डोळ्याकडे वळते. दुसरा मार्ग म्हणजे हातच बदलायचा. धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्या हातात, आणि सगळे पहिल्यापासून. नवशिक्याला पुष्कळदा हा दुसरा मार्ग सुचवितात, कारण मुख्य डोळा सहसा बदलत नाही. शिक्षकांनी निर्णय तिच्यावर सोपविला होता. जिल्ह्याच्या निवडीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

रात्री जेवताना हा विषय निघाला. तिचा बाप म्हणाला, “पट्टी लाव आणि मोकळी हो.” मी एकदम, नको इतक्या आवेशाने बोललो, “मुळीच नाही! निसर्गाने डावा डोळा दिला आहे ना? मग डाव्या हाताने मार. निसर्गाला पट्टी बांधायची नसते!”

पानावर सगळे गप्प झाले. या आवेशामागे काय होते ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि आता वाचकांनाही सांगणे भाग आहे.

माझा मुलगा जन्माचा डावखुरा. तो पाच वर्षांचा असताना मी त्याचा डावा हात सुती पंचाने कमरेशी बांधून त्याला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावले. एक-दोन दिवस नव्हे, एक अख्खा पावसाळा. मी शाळामास्तर; मास्तरच्या पोराने डाव्या हाताने जेवावे हे लोकांना कसे दिसेल, ही माझी चिंता. त्या पावसाळ्यात तो अडखळत बोलू लागला होता. पुढे ते गेले. त्याचे उजव्या हाताचे अक्षर मोत्यासारखे झाले आणि त्या अक्षराची मी चारचौघांत प्रौढी मिरविली. इथून जवळच सेवाग्राम आहे. तिथल्या महात्म्याने 1909 साली बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना उजवा हात थकला तेव्हा डाव्या हाताने चाळीसेक पाने लिहिली, ही गोष्ट मी वर्गात कौतुकाने सांगत असे. आणि घरी डावा हात पंचाने बांधीत असे. दोन्ही वेळी मला काहीही विसंगत वाटले नाही.

तेव्हा माझा आवेश का, हे उघड आहे. मला वाटले, एक चूक सुधारण्याची ही संधी आहे.

पोरीने भाताचा घास संपविला आणि अगदी शांतपणे विचारले, “पण आबा, माझा हात उजवाच आहे. तुम्ही मला डावा हात वापरायला सांगता, ते कशासाठी?”

मी म्हणालो, “तुझ्या भल्यासाठी.”

“माझ्या, की बाबांच्या?”

वाचकहो, त्या क्षणी माझा बाण कुठे रुतला ते मला दिसले. मी नेम धरला होता नातीवर आणि डोळा लागला होता मुलावर. शिवाय करीत काय होतो? एका पोराचा उपजत हात सोडविल्याचा पश्चात्ताप म्हणून दुसऱ्या पोरीला तिचा उपजत हात सोडायला सांगत होतो. निसर्गाचे नाव घेऊन निसर्गाविरुद्ध! आणि मी अगदी प्रामाणिक होतो. पंचा बांधतानाही प्रामाणिक होतोच.

त्या रात्री झोप आली नाही. विचार करताना मला असे वाटू लागले की ‘निसर्गाला बांधू नये’ हे सूत्र मुळातच अपुरे आहे. धनुष्य ओढणे तरी कुठे नैसर्गिक आहे? अक्षर गिरविणे, सूर लावणे, रांगेत उभे राहणे, या साऱ्यांत निसर्गाला थोडे वळवावेच लागते. नाहीतर शिक्षण या शब्दाला अर्थ उरणार नाही. प्रश्न बंधनाचा नसून ते कोणासाठी आहे याचा आहे. चष्म्यावरची पट्टी लक्ष्य मागते. पंचा लक्ष्याने मागितला नव्हता, तो शेजारपाजाऱ्यांच्या नजरेने मागितला होता. डाव्या हाताने जेवले तरी पोट भरतेच.

मन्सूर अली खान पतौडींचे उदाहरण मला आठवले. 1961 साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा उजवा डोळा कायमचा अधू झाला. खेळताना त्यांना एका चेंडूचे दोन चेंडू दिसत. तेव्हा त्यांनी टोपी त्या डोळ्यावर ओढून घेतली आणि उरलेल्या डोळ्याने खेळले. पुढल्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. ती टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली होती. याउलट एकलव्याचा अंगठा. तोही त्याने आपल्याच हाताने कापला. पण मागणी गुरूची होती, आणि ती लक्ष्यासाठी नसून दुसऱ्या शिष्याच्या थोरवीसाठी होती. पुढे तो नुसत्या बोटांनी बाण मारीत राहिला, परंतु पहिली चपळाई गेली ती गेलीच. बाहेरून दोन्हीही त्यागच दिसतात. मागणारा कोण, हे पाहिल्यावाचून त्यांतला फरक कळत नाही.

आणि आम्ही आर्वीकर तर रुक्मिणीच्या माहेरचे शेजारी. वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर आम्हाला परके नाही. तिच्या भावाने शिशुपाल ठरविला होता. तिने आपला निरोप आपणच धाडला. ही कथा दर वर्षी ऐकायची आणि घरातल्या मुलीने बाणाचा हात कोणता वापरावा हे मात्र आजोबाने ठरवायचे, हेही काही खरे नव्हे.

सकाळी पोरीने दोन्ही मार्ग करून पाहिले. बाणाचा टेकू दुसऱ्या बाजूला बांधून डाव्या हाताने दहा बाण मारले; ते दिशेने सरळ, पण दमाने अपुरे, पोत्याच्या अलीकडेच माना टाकणारे. मग चष्म्याच्या काचेवर धूसर पट्टीचा नखाएवढा तुकडा लावून उजव्या हाताने मारले. पहिले दोन भिंतीत गेले, तिसरा पोत्याच्या कडेला, आणि सातव्यापासून पोत्यात. कुंपणापलीकडून आवाज आला, “आता जमून राह्यलं बाप्पा!” तिने पट्टीचाच मार्ग धरला. निवडीत ती लागली नाही, हेही सांगून टाकतो. तीन आठवडे थोडेच होते. ती अजून पट्टी लावूनच मारते आणि तिची कुरकूर नाही.

भाऊबीजेच्या दुपारी मी मुलाला एकटा गाठून म्हटले, “तुझा हात बांधला होता, ते माझे चुकले.” तो ओसरीवर संत्रे सोलीत बसला होता. आमच्याकडचे नवे, अजून आंबट असलेले संत्रे. तो म्हणाला, “कुठलं काय बाबा, मला तर आठवतही नाही.” आणि अर्ध्या फोडी माझ्यापुढे केल्या.

तो खरे बोलला की मला सोडविण्यासाठी तसे म्हणाला, हे मला अजून ठरविता आलेले नाही. संत्रे मात्र तो डाव्या हाताने सोलीत होता.