निजलेले स्विच आणि परिग्रहाची मर्यादा

मीरा-भाईंदरमध्ये जैन वस्ती मोठी असल्याने पूनम सागरसारख्या भागात अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न बाळगणे, हा केवळ ग्रंथातला विषय राहत नाही. मात्र तेथील घरोघरच्या मोबाइलमागे राबणाऱ्या, ऐरोली-महापे पट्ट्यात एकवटलेल्या डेटा सेंटरांना ते तत्त्व लावता येते का, हा प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही. डेटा सेंटरमधील असंख्य सर्व्हरांना जोडून माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रांना स्विच म्हणतात. हे जाळे ऐन गर्दीच्या हिशेबाने उभारलेले असते आणि पहाटे वर्दळ ओसरली, तरी रिकामा स्विच भरलेल्या स्विचच्या जवळजवळ बरोबरीने वीज खात राहतो.

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगमध्ये वाट ठरवण्याचा अधिकार स्विचकडून काढून मध्यवर्ती नियंत्रकाकडे सोपवला जातो, त्यामुळे संपूर्ण जाळे एका नजरेत येते. वाहतूक मोजक्या मार्गांवर एकवटून उरलेले स्विच बंद ठेवल्यास जाळ्याची वीज 50 टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असे ‘इलॅस्टिक ट्री’ या 2010 च्या संशोधनाने दाखवले. अर्थात एकूण विजेत जाळ्याचा वाटा तेथे 10 ते 20 टक्केच धरलेला होता.

सगळेच अतिरिक्त स्विच बंद करता येत नाहीत, कारण जोडणी तुटली किंवा वर्दळ अचानक वाढली, तर निजलेला स्विच जागा होण्यास वेळ लागतो. मग ही राखीव क्षमता परिग्रह ठरते काय? साधूचे महाव्रत सर्वत्यागाचे असले, तरी श्रावकाचे, म्हणजे गृहस्थाचे, अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे, म्हणजे किती बाळगायचे याची सीमा आधीच आखण्याचे असते, आणि डेटा सेंटरला झेपेल ते हेच. शिवाय उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत सांगितले आहे. स्विचला आसक्ती नसते, म्हणून त्याच्या निजण्यात पुण्यही नसते. आसक्ती शोधायची तर ती ग्राहकांशी केलेल्या सेवा-करारात सापडते. 99.999 टक्के उपलब्धतेचे वचन म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटांचा खंड. रुग्णालयाच्या नोंदींसाठी ते रास्तच आहे, पण करमणुकीच्या चित्रफितींनाही तेच वचन दिले जाते, तेव्हा राखीव क्षमतेचा मोठा भाग निव्वळ अधीरतेच्या सेवेला राहतो. नियंत्रकाला प्रवाहाचे प्रमाण कळते आणि सांगितलेला प्राधान्यक्रमही तो पाळतो. तो क्रम लावणे मात्र माणसाकडेच राहते. आणि वाचलेल्या विजेवर नवे सर्व्हर चढवले गेले, तर परिमाण पाळले असे म्हणता येणार नाही, कारण व्रतस्थ श्रावकाने सीमेपलीकडची मिळकत दानाकडे वळवावी, अशी अपेक्षा असते.