फटफटी आणि निष्ठा

मोटरसायकलला मराठीत एक झकास नाव आहे : फटफटी. हे नाव कुठल्या परिभाषा समितीनं दिलेलं नाही, ते कानांनी दिलेलं आहे. बैलगाडी बैलावरून, आगगाडी आगीवरून आणि फटफटी आवाजावरून. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीला आवाजाचं हे महत्त्व सरकारदरबारी मांडायला १९९४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी तिनं आपल्या इंजिनाचा आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवावा असा अर्ज केला. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि २००० साली अर्ज मागे घेण्यात आला. पण आवाज खरोखरच वेगळा, यात शंका नाही. दोन सिलिंडर ४५ अंशांचा कोन करून बसलेले आणि दोघांचे दट्टे क्रँकच्या एकाच खुंटीला जोडलेले. त्यामुळे स्फोट सारख्या अंतरानं होतच नाहीत. एक घाईनं, दुसरा रेंगाळून, भजनातल्या नवशिक्या टाळकऱ्यासारखा! इंजिनिअर याला असमतोल म्हणेल. भक्त म्हणतात, तोच तर आमचा देव.

इथेच मला प्रश्न पडतो. माणूस गुणांवर निष्ठा ठेवतो की दोषांवर?

मी स्वतः जन्मभर सिटी बसचा उतारू. तेव्हा या बाबतीत तटस्थ आहे. पण माझ्या वरच्या मजल्यावर बुलेटवाले नाना राहतात आणि दर दिवाळीला घरी येणारे आमचे मेहुणे जावावाले आहेत. दोघे समोरासमोर आले की फराळ बाजूला राहतो.

नानांचं म्हणणं असं की, इंजिनाला खानदान लागतं. बुलेट हे नाव १९३२ सालचं. १९५५ साली मद्रासच्या मंडळींनी इंग्रजांशी भागीदारी करून तिला इथं आणलं. पुढं १९७० च्या आसपास इंग्लंडातला मूळ वाडा ओस पडला, पण मद्रासची पाती नांदती राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९०. लांब धाव, जड फ्लायव्हील, एकच सिलिंडर आणि दोन फेऱ्यांत एकच स्फोट! म्हणून सावकाश चालताना तिचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. ती चालू करायची म्हणजे पूजाच असे. ॲम्पिअरचा काटा मधोमध आणायचा, खटका दाबून दट्टा जागेवर बसवायचा आणि मग सबंध अंग घालून किक. शिवाय गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. "म्हणून तर माझी गाडी कुणी उसनी मागत नाही," नाना अभिमानानं सांगतात.

मेहुण्यांची जावा म्हैसूरची. तो कारखाना १९६१ ते १९९६ चालला. दोन स्ट्रोकचं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मापून मिसळायचं, मागं दोन सायलेन्सर आणि धुराचं वैभव. खरी गंमत मात्र त्या एका दांड्याची. उभा केला की किक, आडवा केला की गिअर! "नाना, एका नोकराकडून दोन कामं करून घ्यायला अक्कल लागते," हे मेहुण्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढं काळ दोघांवर उलटला. २०१८ मध्ये जावा पुन्हा आली, ती चार स्ट्रोकचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन घेऊन. बटण दाबलं की सुरू. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर मात्र आठवणीनं दोन ठेवलेले! मेहुण्यांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "चेहरा आमच्या घराण्याचा आहे हो, पण दांडा किक मारत नाही."

नानांचं प्रकरण नाजूक. वयानुसार गुडघा गेला आणि डॉक्टरांनी किक बंद केली. तेव्हा मुलानं कर्ज काढून नवी बुलेट आणली. बटणाची, गिअर डाव्या पायाशी, आणि थरथर कमी करणारा दांडा इंजिनाच्या पोटातच. नानांनी ठोके ऐकले आणि म्हणाले, "बुलेटच आहे. पण ही माझ्याकडून काही मागतच नाही रे." मुलगा काही बोलला नाही. त्याचा चेहरा मात्र मला जिन्यातून दिसला.

नानांच्या त्या वाक्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. सुख देणाऱ्या यंत्राचे आपण फार तर आभार मानतो. निष्ठा बसते ती आपल्याकडून काही वसूल करणाऱ्या यंत्रावर. शिकावं लागलं, पिंडरी सोलून घ्यावी लागली, की त्या लोखंडात आपलाही थोडा जीव जातो. म्हणजे आपण निष्ठा ठेवतो ती त्यात खर्ची पडलेल्या स्वतःवरच. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून कष्ट काढून टाकतात, पण ठोका आणि दुसरा सायलेन्सर जपून ठेवतात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. देवळाचा जीर्णोद्धार करतानाही कळस जुन्याच घाटाचा ठेवतात.

पण निष्ठेचं बिल नेमकं कोण भरतं, हेही पाहायला हवं. नानांचे सगळे रविवार बुलेट पुसण्यात आणि ऐकण्यात गेले. हे मी काकूंपुढं कौतुकानं बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यातले अर्धे माझे होते." या वाक्यावर दोन्ही पक्षांकडं उत्तर नाही. निष्ठेसाठी स्वतः झिजला तर तो व्रतस्थ. दुसऱ्याला झिजवलं तर तो नुसता हट्टी.

हल्ली संध्याकाळी नाना मुलाच्या मागं बसून फिरायला जातात. परवा काकूही कुणाच्या तरी मागं बसायला तयार झाल्याचं कानावर आलं. जुनी बुलेट जिन्याखाली झाकलेली आहे. ती विकायचं नाव कुणी काढत नाही, आणि काढूही नये. निष्ठा इंजिनावर जरूर ठेवावी. तिच्यासाठी दुसऱ्याच्या टाकीतलं पेट्रोल काढू नये, इतकंच.