मरणाऱ्याच्या उशाशीं

रुग्णालयांत नव्यानें सेवेस लागलेल्या परिचारिकेस एक प्रश्न पुष्कळदां मनांतल्या मनांत छळीत असतो. तो असा कीं, "आसन्नमरण रोग्याच्या खाटेजवळ जातांना माझे हात कांपतात, तर मग माझी श्रद्धा खोटी म्हणावी काय?" हा प्रश्न तिचा एकटीचाच नव्हे. ज्या उपदेशकास मध्यरात्रीं मरणाऱ्याच्या घरीं बोलावणें येतें, त्याचाही तो आहे.

भय वाटणें हें पाप नव्हे. देह जगण्यासाठीं घडलेला आहे. त्यानें मृत्यूपासून मागें सरावें हें स्वाभाविकच होय. दोष घडतो तो भयाच्या आज्ञेप्रमाणें वागण्यांत. भ्यालेली परिचारिका औषध देऊन लगबगीनें निघून जाते, आणि "मी वांचेन काय?" असें रोग्यानें विचारल्यास, "उद्यां बरे व्हाल," असें खोटेंच सांगते. त्या वेळीं ती रोग्याचें नव्हे, तर स्वतःचें समाधान करीत असते. "तें मला सांगतां येत नाहीं, पण मी येथें आहें," एवढें तरी खरें बोलतां येतें.

ह्यावर पहिला उपाय ज्ञान. अंतकाळीं श्वास मध्येंच थांबून पुन्हां सुरू होतो, हातपाय थंड पडतात, घशांत घरघर लागते. ती घरघर ऐकून नातलगांचा जीव कासावीस होतो. परंतु ती साचलेल्या स्रावामुळें होते, व बेशुद्ध रोग्यास तिचा त्रास बहुधा जाणवत नाहीं. त्यास कुशीवर वळवावें. कोरडे ओठ ओल्या कापडानें टिपावे. गिळतां येत नसल्यास तोंडांत पाणी ओतूं नये. त्यास ऐकूं येत असण्याचा संभव असतो, म्हणून उशाशीं वाद घालूं नयेत. काय करावें हें ज्या हातांस ठाऊक असतें, ते कमी कांपतात.

दुसरा उपाय सोबत. सिसिली साँडर्स ह्या बाई मूळच्या परिचारिका. १९४८ सालीं लंडनांत एका मरणोन्मुख पोलिश निर्वासिताशीं त्यांचा स्नेह जडला. मरतांना त्यानें त्यांच्या भावी कार्यासाठीं पांचशें पौंड ठेविले. त्या १९५७ सालीं डॉक्टर झाल्या, आणि १९६७ सालीं त्यांनीं सेंट ख्रिस्तोफर्स हें मरणासन्नांचें शुश्रूषागृह उघडलें. वेदना पुन्हां उठण्याची वाट न पाहतां, ठराविक वेळीं मॉर्फीन द्यावें, हा त्यांचा आग्रह असे. आपल्या मुंबईंत वांद्रें येथें १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें, तें अशाच कार्यासाठीं.

गेथशेमाने बागेंत प्रभूचा जीव अति खिन्न झाला होता. शिष्यांनीं हें संकट टाळावें, असें त्यानें त्यांस सांगितलें नाहीं. आपल्याबरोबर जागे राहावें, एवढेंच मागितलें. तेवढेंही त्यांच्यानें झालें नाहीं. परिचारिकेकडेही मरणारा बहुधा तेवढेंच मागतो.

म्हणून, भगिनींनो, आपलें भय लपवूं नका. तें एखाद्या अनुभवी वडील परिचारिकेजवळ बोलून दाखवा. भय पुरतें गेल्यावर मग उशाशीं जाईन, असें म्हणाल, तर रोगी तोंवर वाट पाहूं शकणार नाहीं. कांपत्या हातानेंच त्याचा हात धरावा.