उरलेले गड्डे नाल्यात जाणार नाहीत

बस. तो मोबाइल पालथा ठेव आणि नीट ऐक.

तुझं पिवळं आयरिस गेलं, याचा मला राग नाही. झाडं मारत मारतच माणूस बाग शिकतो. राग आला तो तुझ्या पुढच्या वाक्याचा. "उरलेले गड्डे सोसायटीमागच्या नाल्यात टाकते मॅडम, तिथे ओल असते, जगतील बिचारे." पदवीपर्यंत वनस्पतीशास्त्र शिकलेल्या मुलीच्या तोंडी हे शोभतं?

नाहूरचं पाणी कुठे जातं, याचा कधी विचार केलास? सगळा उतार पूर्वेकडे. रूळ, द्रुतगती मार्ग, मिठागरं आणि मग ठाण्याची खाडी. याच खाडीत 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 साली ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला भांडुप पंपिंग स्टेशनला तूच जातेस ना? फोटो काढायला खाडी आपली, आणि नकोसे गड्डे टाकायलाही तीच?

हे पिवळं आयरिस युरोपातल्या दलदलीतलं. शोभेसाठी म्हणून लोकांनी ते उत्तर अमेरिकेत नेलं, न्यूझीलंडमध्ये नेलं. तिथे ते तळ्याकाठच्या बागांतून निसटलं आणि आज ती माणसं ते उपटत बसली आहेत. बी पाण्यावर तरंगत जातं. गड्ड्याचा तुटका तुकडा चिखलात अडकला की तिथेच मूळ धरतो. थोडं खारं पाणीही त्याला चालतं. गड्ड्यांची अशी जाड गादी तयार होते की काठावरच्या मूळच्या झाडांना पाय ठेवायला जागा उरत नाही. "पण मुंबईच्या उन्हात ते कुठलं तग धरणार," असं म्हणू नकोस. असली परीक्षा खाडीच्या जिवावर घ्यायची नसते. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून सुंदर फूल म्हणूनच आली होती. जा, पवई तलावाच्या काठावर उभी राहा आणि बघ ती शोभा.

आता तुझ्या कुंडीकडे येऊ. कोकोपीट, वाळू, तळाला चार भोकं, आठवड्यातून दोनदा पाणी. हे कुठून उचललंस? तू वाचलंस ते दाढीवाल्या आयरिसबद्दल. त्याला निचरा लागतो, गड्डा उन्हात उघडा लागतो. तू आणलंस ते पाण्यातलं. दोघांचं आडनाव एक म्हणून घर एक होत नाही! शिवाय या झाडाला फुलायला खरी थंडी हवी. ती नाहूरच्या सातव्या मजल्यावर कुठून आणणार होतीस? पाकिटावरचं चित्र बघून पैसे मोजलेस. झाड मुळात कुठे उगवतं, हा एक प्रश्न विचारला नाहीस. वर्गात पहिल्या दिवशी तोच शिकवला होता.

पाणथळ झाडाची हौस आहे ना? वेखंड लाव. तशीच तलवारीसारखी उभी पानं. मात्र नीट बघ, पानाची शीर मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते आणि कडेला बारीक चुणी असते. पान चुरगाळ, बोटांना वास दिवसभर राहील. आयरिसच्या पानाला असा वास नाही. पसरट, बिनभोकाचा टब घे. बागेतली चिकण माती, चांगलं कुजलेलं शेणखत. डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा आडवा ठेव, वर जेमतेम माती. चिखल कायम राहू दे, पण मातीवर पाणी साचू देऊ नकोस. डासांच्या अळ्या झाल्या तर महापालिकेची माणसं दारात येतील, आणि शेजारच्या लेकराला डेंग्यू झाला तर मी तुझी बाजू घेणार नाही. वेखंडाचं फूल म्हणजे पानाच्या बगलेतून आल्यासारखं दिसणारं बोटभर हिरवट कणीस. ते बघून नाक मुरडायचं नाही. नजरेत भरणारं फूलच हवं असेल तर सोनटक्का लाव. पावसाळ्यात संध्याकाळी उमलतो, घरभर वास. त्यालाही ओल हवी, पण दुपारचं ऊन नको. आणि हवाईत हाच सोनटक्का रानोमाळ माजून बसला आहे, तेव्हा त्याचेही गड्डे नाल्यात जाणार नाहीत.

कोणाचंही झाड कोणाच्याही पाण्यात सोडायचं नाही. एवढं कळायला पदवी लागत नाही.

आता घरी जा. ते गड्डे नुसते वाळत टाकू नकोस, कोरडे पडूनही ते महिनोन् महिने जिवंत राहतात. खताच्या डब्यातही नको. हातमोजे घाल, रसाने कातडी चुरचुरते. तुकडे कर आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात चांगले उकळ. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नकोस, गड्डा विषारी असतो. मग पिशवीची गाठ मारून कचऱ्याच्या गाडीत. रविवारपर्यंत थांबायचं नाही, आज संध्याकाळी. झालं की मला फोन कर.