उन्हाळ्यातलं पिवळं लॉन

॥ श्री ॥



दर वैशाखात ग्रुपवर एक मेसेज येतोच. केंद्रापुढचं लॉन पिवळं पडलंय, सेवेकरी कुठे गेले? गुरुपौर्णिमा जवळ आली, पाहुणे येणार, पाणी घाला. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते. पण आपण एखादी गोष्ट सांभाळतो, तेव्हा नेमकं कोणाला सांभाळत असतो? त्या गोष्टीला, की तिच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना?

आधी गवताचा स्वभाव पाहू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लावलेली असते ती हरळी. इंदूरचे माळी तिला दूब म्हणतात, आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. (नर्सरीतलं गालिच्यासारखं महागडं गवत असेल तर पुढचं सगळं तसंच लागू होणार नाही, माळ्याला विचारा.) पाणी तुटलं की हरळी वरची पाती वाळू देते आणि जीव जमिनीतल्या कांड्यांत ठेवते. दोन-तीन चांगले पाऊस झाले की त्याच कांड्यांतून कोंब येतात. म्हणजे मे महिन्यातलं तिचं पिवळेपण हा आजार नव्हे, ती झोपलेली असते. रोज पाणी मारून आपण तिला झोपू देत नाही. त्यातही रोज थोडं थोडं शिंपडलं, की मुळं वरवरच राहतात, खाली जायची त्यांना गरजच पडत नाही. मग दोन दिवस पाणी चुकलं तरी गवत लगेच मान टाकतं. लाडावलेल्या मुलांचं उदाहरण इथे द्यायचा मोह होतोय, पण ते घरोघरी ठाऊक आहे.

आता हिशेब. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 1000 चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. भर उन्हाळ्यात ते हिरवं ठेवायला रोजचे 5 मिलिमीटर धरले, तरी 465 लिटर झाले. 15 लिटरचा हंडा धरला तर 31 हंडे, तेही रोज. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतं, सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांनी विंध्याचा चढ चढवून. त्याच शहरात मे महिन्यात टँकरपुढे डबे घेऊन बाया उभ्या असतात. बडोदा, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनी आपापला हिशेब मांडून पाहावा.

यावर कोणी म्हणतं, आपलं तर बोरिंग आहे, कोणाचं घेतो का? बोरिंगचा पाइप आपल्या आवारात आहे हे खरं. खालचं पाणी मात्र कंपाउंड पाहून थांबत नाही. आपण उपसलं की शेजारच्या बोरिंगलाही ते कमी पडू शकतं.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. ‘झोपलंय, राहू दे’ असं म्हणून अंग काढून घेणं फार सोपं असतं. आळसाला वैराग्याचं नाव देण्यात आपण सगळे पटाईत. मग संयम कोणता आणि हयगय कोणती, हे ओळखायचं कसं? मला वाटतं, वाकावं लागतं. आठवड्यातून एकदा माती उकरून कांडी हातात घ्यायची. आतून पांढरट आणि टणक असेल तर जीव आहे. काटकीसारखी कडकन मोडली तर चिंता करायची. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पहाटे, मुळांपर्यंत जाईल असं पाणी द्यायचं. बाकी दिवस गवतावर गाडी लावू द्यायची नाही, मुलांचं बॅडमिंटन दुसरीकडे. ज्याने हात आवरला पण नजर काढली नाही, त्याची सेवा चालूच आहे, फोटोत ती दिसत नाही एवढंच.

एक अपवाद मी आनंदाने करीन. संध्याकाळी वयस्कर मंडळी चपला काढून बसतात तो कोपरा हिरवा ठेवावा. केंद्रात डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी तिथेच घालावं. त्यांच्या पायांना मिळणारा गारवा काही दिखावा नव्हे.

खरे कष्ट पावसाळ्यात आहेत. तेव्हा लव्हाळा माजतो. तो वरून उपटून उपयोग नाही, खाली गाठी असतात, खुरपं खोल घालावं लागतं. कापणीही वरचेवर, पण एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. थंडीत हरळी पुन्हा मंदावते, पाणी कमीच लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये चाळलेलं शेणखत पसरलं की झालं. हिरव्या गवतात खुरपं घेऊन बसायला मात्र ग्रुपवर कोणी बोलावत नाही, म्हणून आषाढ-श्रावणातल्या रविवारच्या पाळ्या आत्ताच ठरवलेल्या बऱ्या.

आणि यंदा पाऊस लांबलाच, तर गुरुपौर्णिमेला पिवळ्या गवतावर सतरंज्या घालू. जरा टोचेल, म्हणून ज्येष्ठांसाठी खुर्च्या आधीच सांगून ठेवाव्यात.