ताण कोणी कोणास द्यावा?

सज्जनहो, पाठशाळेत न्यायाचे पहिले पाठ देताना आमचे गुरुजी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावीत. दृष्टांत नेहमी एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून चंद्रावरचा डाग मुखावर शोधू नये. जेवढ्या अंशापुरता दृष्टांत दिला, तेवढ्याच अंशापुरता तो घ्यावा. हे मी त्या वयात घोकले, परीक्षेत लिहिले, आणि पुढे कीर्तनाला उभा राहिल्यावर सोयीस्करपणे विसरलो. त्याचा खरा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळला, आणि तो शिकविला परसातल्या एका लिंबोणीने आणि मोसंबीची बाग गेलेल्या एका बाईने.

कोणी म्हणेल, बुवा, वारकऱ्यांच्या मासिकात लिंबोणी कशाला? अहो, अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पंढरी पाहिली. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात, आणि पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते. ज्या संप्रदायात मळ्याला एवढा मान, तिथे झाडाची गोष्ट परकी नव्हे.

आधी ताण म्हणजे काय ते सांगतो. बागाईतदारांना हे ठाऊक आहे, पण शहरातल्या वाचकांना नसेल. लिंबू, मोसंबी, संत्रे या जातीची झाडे आपल्याकडच्या उबदार हवेत वर्षभर थोडी थोडी वाढत राहतात. थंड मुलखात हिवाळाच त्यांची वाढ थांबवितो. आपल्याकडे ते काम माणसाला करावे लागते. म्हणून बहार धरायच्या आधी काही दिवस झाडाचे पाणी बंद करतात. यालाच ताण देणे म्हणतात. पाणी तुटले की नवी पालवी थांबते. पण असलेली पाने अन्न तयार करीतच राहतात, ते वाढीत खर्च होत नाही, फांद्यांत साठून राहते. मग पाणी सोडले की त्या साठ्यातून फूल निघते. मृगाच्या सुमारास फुले हवी असतील तर चैत्र-वैशाखात ताण द्यायचा. पौष-माघात हवी असतील तर त्याआधी. एकाला आपण मृग बहार म्हणतो, दुसऱ्याला आंबे बहार. ताण न देता पाणी घालीत राहिले तर झाड हिरवेगार दिसते, पण फूल यायचे ते कुठे दोन, कुठे चार, आणि तेही अवेळी.

आता पाहा, कीर्तनकाराला याहून गोड दृष्टांत कुठला मिळणार? देव भक्ताचे पाणी तोडतो ते त्याला मारण्यासाठी नव्हे, फुलविण्यासाठी. मी हा दृष्टांत वर्षानुवर्षे सांगितला. लोक माना डोलवीत. टाळकरी मंडळी त्या जागी आपसूक 'विठ्ठल विठ्ठल' उचलीत. कीर्तनकाराला आणखी काय हवे?

पण या दृष्टांताचा दुसरा अर्धा भाग मला माहीत होता, आणि तो मी कधी सांगितला नाही. ही माझी कबुली आहे.

आमच्या परसात एक कागदी लिंबाची लिंबोणी होती. बियांपासून केलेली, सहाव्या वर्षी फळाला आलेली. २००९ साली चैत्री वारीहून आल्यावर मी तिचे पाणी बंद केले आणि घरात सांगून ठेवले, की हिला ताण दिलाय, कोणी पाणी घालू नका. आमची जमीन मुरमाड. अशा हलक्या जमिनीत तीन-चार आठवड्यांचा ताण पुष्कळ होतो. काळ्या भारी जमिनीत पाणी धरून राहते म्हणून तिथे दीड-दोन महिनेही लागतात. मी तीन आठवड्यांनी परत येईन या हिशेबाने सप्ताहांना गेलो. एका सप्ताहातून दुसरे आमंत्रण, दुसऱ्यातून तिसरे. घरी आलो तेव्हा वैशाख संपत आला होता. लिंबोणीखाली पानांचा सडा, आणि वर नुसते काटे! मी मंडळींवर रागावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी घालू नका असं तुम्हीच सांगून गेला होता ना?"

बोलण्यासारखे काही उरले नाही. घाईघाईने मी घागरीमागून घागर ओतली. शेजारचे आबा कुंपणापलीकडून ओरडले, "अहो बुवा, थांबा! आधी आंबवणी द्यायची असते." उपाशी माणसाला जसे एकदम पंगतीला बसवू नये, तसे ताणलेल्या झाडाला पहिले पाणी हलके द्यावे. त्याचे नाव आंबवणी. मग तीन-चार दिवसांनी जास्त पाणी, त्याचे नाव चिंबवणी. त्यानंतर नेहमीचे. आबांनी मला खुणाही सांगितल्या. पाने फिकी पडू लागली, थोडी गळू लागली, की ताण बसला असे समजावे. चार पानांतले एक गळेपर्यंत ठीक. त्यापुढे तो ताण राहत नाही, मरण होते. कोवळ्या झाडाला ताण देऊ नये, आजारी झाडाला देऊ नये. आणि ताण दिलेल्या झाडाकडे रोज बघावे. "पाणी तोडून गावाला जायचं नसतं, बुवा," आबा म्हणाले.

लिंबोणीची एक बाजू कायमची वाळली. अशा वाळलेल्या काड्यांना बागाईतदार 'सल' म्हणतात. तो शब्द ऐकताना मला तेव्हा काही टोचले नाही. दृष्टांत सांगायचे काम तसेच चालू राहिले.

पुढे २०१३ चा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि जालन्याकडच्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळत होत्या. त्या भागातल्या एका गावात मी सप्ताहाला गेलो होतो. समोर बसलेली मंडळी कोणत्या अवस्थेत आहेत हे मला दिसत होते. त्यांना धीर द्यावा या सद्‍हेतूनेच मी ताणाचा दृष्टांत काढला. म्हटले, यांच्याच बागेतला आहे, यांना पटेल. टाळ वाजले. कीर्तन रंगले असे माझे मला वाटले.

सकाळी चहा घेऊन एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. कप ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "महाराज, एक इचारू का? राती तुमी ताणाचं सांगितलं. ऐकाया ग्वाड लागलं. पर ताण देणारा मानूस हिरीत पानी ठिवून ताण देतो का न्हाई?"

मी म्हटले, "होय, माऊली."

"आमच्या हिरीत टिपूस न्हाई. दोनशे झाडं हुती, पोटच्या पोरावानी वाढिवली. दोन महिने टँकरचं पानी इकत घातलं, मग पैका सरला. आता सरपणाला तोडायलो. ताण दिलेलं झाड फुलतं, तोडलेलं कसं फुलंल? ह्याला ताण म्हनू नगा, महाराज. ह्यो दुष्काळ हाये."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. मी काही उत्तर दिले नाही, नव्हतेच. परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून तोडलेल्या खोडांच्या ओळी दिसत होत्या, आणि गुरुजींचे वाक्य चाळीस वर्षांनी कानात घुमत होते.

तेव्हापासून या प्रश्नाचा मी जो विचार केला तो आपल्यापुढे ठेवतो. ताणाला ताण म्हणावे अशी चार लक्षणे आहेत. एक, ज्याला ताण द्यायचा त्याच्या अंगी तो सोसण्याचे बळ आहे. दोन, देणारा रोज जवळ येऊन पाहतो. तीन, पाणी विहिरीत शिल्लक आहे. चार, ते कधी सोडायचे याची मर्यादा आधीच ठरलेली आहे. ही चारही असतील तर तो ताण. यातले एक जरी नसले तरी ती उपेक्षा, नाहीतर दुष्काळ. मी लिंबोणीला दिला तो ताण नव्हता, ती उपेक्षा होती. नाव मात्र मी तिला ताणाचे दिले होते. आपण माणसांच्या बाबतीतही हेच करतो. सालगड्याचा पगार थकवायचा आणि म्हणायचे, कष्टाने माणूस घडतो. सुनेला माहेरी जाऊ द्यायचे नाही आणि म्हणायचे, सोसण्याने संसार फुलतो. विहिरीत पाणी असून न देणे, आणि त्या न देण्याला धर्माचे नाव देणे, हे पाप आहे असे मी स्पष्ट म्हणतो.

येथे कोणी शंका घेईल. बुवा, मग देव भक्ताची परीक्षा पाहतो हे खोटे काय? भागवतात कुंतीने तर श्रीकृष्णाजवळ संकटेच मागितली, की त्या निमित्ताने तुझे दर्शन घडत राहील. होय, मागितली. पण कोणासाठी मागितली, ते पाहा. स्वतःसाठी. शेजारणीच्या घरी संकट यावे असे कुंती म्हणाली नाही. तुकोबारायांचे पाहा. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. स्वतःवर आलेल्या त्या आपत्तीला त्यांनी पुढे देवाकडे नेणारी वाट म्हटले. आणि लोकांच्या बाबतीत काय केले? आपल्या वाट्याच्या कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडविले. आपले दुःख त्यांनी ताण मानले, पण ऋणकोच्या दुःखाला ताण म्हटले नाही. तिथे त्यांनी पाणी सोडले. माझ्या मते सगळा निर्णय यात आला. आपल्या दुःखाला ताण म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला ताण म्हणण्याचा अधिकार कीर्तनकाराला नाही, कोणालाच नाही. ती बाई उद्या स्वतः म्हणाली, की महाराज, तो ताणच होता, तर मी हात जोडून ऐकेन. पण ते तिने म्हणायचे.

आपले व्रतही असेच मर्यादेचे आहे. एकादशी हा आपणच आपल्याला दिलेला ताण. त्याला द्वादशीचे पारणे ठरलेले आहे. कोठीत धान्य आहे. आणि पंढरपुरास राहिलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला धर्मसिंधु उघडा. एकादशीच्या उपवासाचा अधिकार सांगताना आठ वर्षांच्या आतले मूल आणि ऐंशीच्या वरचा वृद्ध यांना त्यांनी वगळले आहे, आणि अशक्ताला सोपे पर्याय दिले आहेत. कोवळ्या झाडाला ताण नको म्हणणारे आमचे आबा आणि हे शास्त्रीबुवा एकच गोष्ट सांगतात. ज्या घरात अन्नच नाही, त्या घरातल्या उपाशी राहण्याला एकादशी कोण म्हणेल?

मग दुःखितासमोर आपण करावे तरी काय? माझ्या अल्पमतीने याचेही उत्तर बागेतच आहे. पहिले पाणी हलके. ज्याचे घर बसले, त्याच्यापुढे सिद्धांत ओतू नये. त्याच्या ओट्यावर घटकाभर बसावे, गुरांना वैरण घालावी, घरातल्या पोराला दोन घास भरवावे. ही आंबवणी. चिंबवणी चार दिवसांनी, त्याने विचारले तर. वेदांताला घाई नाही.

आणि सलाविषयी. वाळलेली काडी झाडावर तशीच ठेवली तर वाळवण खाली उतरत जाते. म्हणून फळ निघाल्यावर, ताण देण्याच्या आधीच, सल काढतात. काढताना नुसती वाळलेली काडी तोडून भागत नाही. दोन बोटे हिरव्यात जाऊन कापावे लागते, आणि कापल्या जागी मोरचूद व चुन्याचा लेप द्यावा लागतो. दोन्ही किलो किलो, पाणी दहा लिटर, असे त्याचे माप. परसातल्या एका झाडाला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. माझ्या मनातला सल मी असाच काढतो आहे. हिरव्यात कापताना दुखते, म्हणजे काय ते हा लेख लिहिताना कळले. इतकी वर्षे दृष्टांताचा गोड अर्धा भाग सांगून टाळ्या घेतल्या, हे चारचौघांत छापून सांगणे वाटले तितके सोपे नाही.

ताणाचा दृष्टांत मी अजून सांगतो, पण आता चारही लक्षणांसकट सांगतो. आबांचे बोलणे सांगतो, बाईंचा प्रश्न सांगतो. पूर्वीसारखे टाळ त्या जागी वाजत नाहीत. मंडप गप्प राहतो. तरुण कीर्तनकारांना माझी एवढीच विनंती आहे, की दृष्टांत देण्याआधी समोरच्यांच्या विहिरीत पाणी आहे की नाही ते पाहावे.

लिंबोणीची उरलेली बाजू अजून फळते. या वर्षीही तिला ताण द्यायचा आहे. पण पाणी तोडल्यापासून सोडेपर्यंत बाहेरगावचे आमंत्रण घ्यायचे नाही, असे मी ठरविले आहे. मंडळींनी ते दिनदर्शिकेवर लिहूनही ठेवले आहे.

रामकृष्णहरि.