पडद्याचा एकच मालक

मोठी फाइल उतरत असताना ‘रद्द करा’ हे बटण दाबावं आणि बटणाने ढिम्म हलू नये, हा अनुभव एके काळी रोजचा होता. पडद्यावर चित्र काढणं, माउसच्या क्लिककडे लक्ष ठेवणं आणि फाइल उतरवणं ही सगळी कामं एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एकच धागा, करायचा. तो फाइलीत अडकला की विंडो हँग. उपाय उघड होता : जड काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचं. पण काम संपल्यावर ‘झालं’ असं पडद्यावर लिहायचं कुणी? दुसऱ्या थ्रेडने परस्पर लिहिलं आणि नेमका त्याच क्षणी पहिला तीच विंडो रंगवत असला, तर प्रोग्राम कोसळतो. कधी कोसळतही नाही, आणि ते जास्त वाईट.

दोघांनी एकाच वेळी एका वस्तूला हात लावू नये यासाठी काय करावं, याचं उत्तर एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६५ सालीच मांडलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांच्या हाती लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच वस्तू वापरू देणारं कुलूप, रुळलं होतं. मग तेच विंडोला लावलं की झालं, असं वाटणं स्वाभाविक होतं. जावाच्या पहिल्या ग्राफिक संचाची, एडब्ल्यूटीची, आखणी कोणत्याही थ्रेडने वापरावा अशीच होती. बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमने प्रत्येक विंडोला स्वतंत्र थ्रेड आणि स्वतंत्र लॉक दिलं. लिनक्सवरच्या जीटीके या ग्राफिक संचाने सगळ्या पडद्याला मिळून एकच मोठं लॉक ठेवलं. पडद्याला हात लावण्याआधी ते घ्यायचं, काम झालं की सोडायचं.

जीटीकेचा हा नियम ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. बटण दाबल्यावर जे फंक्शन चालतं, ते सुरू होतानाच लॉक घेतलेलं असायचं. टायमरवर चालणाऱ्या फंक्शनसाठी मात्र ते घेतलेलं नसायचं. आणि एकाच थ्रेडने लॉक दुसऱ्यांदा मागितलं तर तो स्वतःचीच वाट पाहत कायमचा थांबायचा. समजा, प्रगतीची पट्टी पुढे सरकवणारं एक छोटं फंक्शन आहे. ते बटणातूनही बोलावलं जातं आणि टायमरमधूनही. आत लॉक घेतलं, तर बटण दाबताच प्रोग्राम अडकणार. न घेतलं, तर टायमरच्या वेळी पडदा उघडा पडणार. म्हणजे आपल्याला कुणी बोलावलं हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असायला हवं. शिवाय विंडोजवर ही व्यवस्था भरवशाची नाही, असं जीटीकेचं स्वतःचं दस्तऐवजीकरणच सांगायचं.

प्रोग्राम असे अडकणं हा प्रोग्रामरचा गबाळेपणा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. टीके हा ग्राफिक संच घडवणारे जॉन ओस्टरहाउट यांनी १९९६ मध्ये बहुतेक कामांसाठी थ्रेड नकोतच, असं जाहीर व्याख्यानात सांगितलं, तेव्हाही रोख बराचसा अवघडपणावर होता. मुळावर बोट ठेवलं ते मला वाटतं २००४ मध्ये, जावा घडवणाऱ्या सन कंपनीच्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी. माउसची क्लिक ऑपरेटिंग सिस्टिममधून वर, आपल्या प्रोग्रामकडे येते; आपली ‘हे रंगव’ ही आज्ञा वरून खाली जाते. वाटेतली लॉकं दोघांनाही लागतात, पण उलट क्रमाने. चाळीच्या अरुंद जिन्यावर एक जण वरून सोफा उतरवतोय आणि दुसरा खालून कपाट चढवतोय, तसं. दोघंही शिस्तीत वागले तरी मधल्या पायरीवर अडकणारच.

जावाने १९९८ मध्ये स्विंग हा नवा ग्राफिक संच आणताना वाट बदलली होती. पडद्याला हात लावायचा तो एकाच थ्रेडने. इतरांनी त्याच्या रांगेत निरोप टाकून आपापल्या कामाला लागायचं. अँड्रॉइडने तर परक्या थ्रेडने पडद्याला हात लावला की प्रोग्राम पाडायलाच सुरुवात केली. जीटीकेने २०१२ मध्ये आपलं मोठं लॉक कालबाह्य ठरवलं आणि २०२० च्या चौथ्या आवृत्तीत काढून टाकलं.

याला लॉकचा पराभव म्हणणं मला पटत नाही. निरोपांच्या त्या रांगेलाही लॉक असतंच. फरक एवढाच, की ते निरोप ठेवण्या-उचलण्यापुरतं घेतलं जातं आणि ते हातात असताना दुसऱ्या कुणाचा कोड चालत नाही. जुन्या मोठ्या लॉकची खोड नेमकी तिथे होती : ते धरून आपण अनोळखी फंक्शनना आत बोलवत होतो. अर्थात नव्या पद्धतीचीही किंमत आहे. निरोप पोचेपर्यंत वापरकर्त्याने विंडो बंद केलेली असू शकते, आणि मग निरोप नसलेल्या पट्टीला सरकवू पाहतो.

जुना अडथळाही पुरता गेलेला नाही. सी-शार्पमध्ये २०१२ पासून पडद्याच्या थ्रेडवर ‘अवेट’ लिहिलं की उरलेलं काम एरवी आपोआप त्याच थ्रेडवर परत येतं. पण कुणी पडद्याच्याच थ्रेडवर अशा कामाच्या उत्तरासाठी ‘रिझल्ट’ मागत थांबून राहिलं, तर थ्रेड कामाची वाट पाहतो आणि काम थ्रेड मोकळा होण्याची. उलट क्रमाच्या लॉकांमुळे होणाऱ्या पूर्वीच्या डेडलॉकमध्ये, म्हणजे एकमेकांत अडकून पडण्यात, डीबगर उघडला की दोन लॉकांसमोर ताटकळलेले दोन थ्रेड तरी दिसायचे. इथे एकच दिसतो, आणि तो ज्याची वाट पाहतोय ते काम त्याच्याच रांगेत पडून असतं.